बाबा गेल्यावर माझं तेल कुणी बदललं नाही

गॅरेजच्या मागच्या बाजूला, चाकं काढून विटांवर उभी केलेली राखाडी गाडी दिसते ना? ती मी. मित्रांनो, मी एक जुनी हायब्रिड गाडी आहे. पोटात एक पेट्रोलचं इंजिन आणि मागच्या सीटखाली एक मोठी बॅटरी, अशा दोघांच्या जोरावर मी नऊ वर्षं धावले.

माझी मालकीण नर्स. घरोघरी जाऊन ती अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायची, इंजेक्शनं द्यायची. एका घरून दुसऱ्या घरी, फार तर दोन किलोमीटर. गल्लीत मी बॅटरीवर शिरायचे, त्यामुळे आवाज नाही. एक आजोबा तक्रार करायचे, "सिस्टर, तुमची गाडी चोरासारखी येते. मला दात बसवायलासुद्धा वेळ मिळत नाही."

माझी काळजी मात्र तिचे बाबा घ्यायचे. तीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. दर रविवारी ते माझं बॉनेट उघडायचे, तेल मोजायची पट्टी काढून जुन्या बनियनच्या तुकड्यावर पुसायचे आणि उजेडात धरून बघायचे. माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. बाबा सहाच महिन्यांनी तेल बदलून घ्यायचे. लेक हसायची. ते म्हणायचे, "तुझं धावणं तुकड्यातुकड्यांचं आहे. हिला गरम व्हायला तरी कुठे मिळतं?"

मग एके सकाळी बाबांच्या हातातून चहाचा कप निसटला आणि हात तसाच लोंबत राहिला. अर्धांगवायू. दिवसभर घरी बघणारं कुणी नव्हतं, म्हणून तिचा दादा त्यांना डोंगरापलीकडच्या आपल्या गावी घेऊन गेला. मीच त्यांना सोडलं. उतरताना त्यांनी बऱ्या हातानं माझ्या दारावर थोपटलं.

त्यानंतर बॉनेट उघडलंच नाही. वर्षभरानं मी काचेसमोरचा, तेल बदलायची आठवण देणारा दिवा लावला. तिनं दादाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "अगं, हायब्रिड आहे ती. अर्धा वेळ इंजिन झोपलेलंच असतं. तेल खराब होणार कसं? किलोमीटर तरी कुठे झालेत?" त्याला खरंच तसं वाटत होतं. तिनं बटण दाबून दिवा बंद केला आणि पुढच्या पेशंटकडे निघाली. मी तिला दोष देत नाही. दिवसाला अकरा घरं होती तिला.

असं अडीच वर्षं चाललं. तेल आटत गेलं, उरलं ते घट्ट झालं. मला ते आतून कळत होतं, पण सांगणार कसं?

एका दुपारी ती एका आजींची पट्टी बदलून बाहेर आली आणि फोन वाजला. दादा होता. "बाबांचा श्वास बदललाय. निघ लगेच." ती नर्स होती. याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायला नको होता.

मी जीव तोडून धावले. चढ लागला, बॅटरी कमी पडू लागली, सगळा भार इंजिनवर आला. तेलाचा लाल दिवा लागला. तिनं तो पाहिला, पण थांबली नाही. मग आतून ठोकल्यासारखा आवाज आला आणि इंजिन जखडलं. उरल्यासुरल्या बॅटरीवर मी तिला वळणापर्यंत ओढत नेलं. तिथे बॅटरीही संपली.

तिनं चार-पाचदा बटण दाबून पाहिलं. "चल ना," एवढंच म्हणाली. मग रस्त्यावर उभी राहून हात करू लागली. बऱ्याच वेळानं एक भाजीचा टेम्पो थांबला.

चौथ्या दिवशी ती गॅरेजमध्ये आली. मिस्त्रींनी माझ्या तळाचा बोल्ट काढला. आधी काहीच पडलं नाही, मग डांबरासारखा एक गोळा ओघळला.

"ताई, शेवटचं तेल कधी बदललं होतं?"

"बाबा होते तेव्हा."

मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, "इंजिन कमी चालतं हे खरं आहे. पण दर वेळी गारच सुरू होतं आणि गरम व्हायच्या आत बंद होतं. मग पाण्याची वाफ नि पेट्रोल तेलातच राहतं. म्हणून किलोमीटर कमी झाले तरी तारीख पाळायची."

ती त्या काळ्या गोळ्याजवळ वाकली. मग म्हणाली, "दारात कुणी आलं की बाबा डोळे वळवून बघत होते म्हणे. मी पोचले त्याच्या वीस मिनिटं आधी त्यांचा श्वास थांबला."

मिस्त्रींनी हात पुसले.

आता ती बसनं पेशंटकडे जाते. माझे दिवे, आरसे एकेक करून दुसऱ्या गाड्यांना लागले.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आजच मोठ्यांना पुस्तिका उघडायला लावा. तेल किती किलोमीटरनं आणि किती महिन्यांनी बदलायचं ते वाचा, आणि जे आधी येईल ते पाळा. गाडी कमी धावते, आवाज करत नाही, म्हणून ती ठीक आहे असं समजू नका. मी नऊ वर्षं आवाज केला नाही. ज्या दिवशी केला, त्या दिवशी एक लेक रस्त्यात उभी होती आणि तिचे बाबा दाराकडे बघत होते.