दोन्हींवर चालणारी गाडी

गोंदियाहून शाळेला जाताना गोरेगावचा पेट्रोल पंप आला तेव्हा पुष्पांजलीने गाडीचा वेग थोडा वाढवला. पंपावरचा माणूस गाडी ओळखत होता. त्याने हात केला, तिनेही हसून हात केला आणि गाडी तशीच पुढे काढली. समोर पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता आणि त्याखाली पिवळा दिवा लागलेला होता. गेले दोन आठवडे ती या दिव्याची वाट पाहत होती, त्यामुळे तो बघून तिला भीतीऐवजी बरंच वाटलं.

पुष्पांजलीच्या नवऱ्याने, हिमांशुने, ही गाडी आणली तेव्हा त्याच्या राइस मिलमधले हमालसुद्धा काम टाकून बघायला आले होते. भिंतीतल्या प्लगला लावली की ती चार्ज व्हायची आणि चार्जिंग संपलं की आपोआप पेट्रोलवर चालायची. बॉनेटवर हात ठेवून हिमांशुने सगळ्यांना समजावलं होतं.

"बॅटरी गेली तर पेट्रोल, पेट्रोल गेलं तर बॅटरी. अटकायचा सवालच नाही."

शेवटचं वाक्य त्याने बायकोकडे बघून म्हटलं होतं. तिने एसटीचे धक्के खाऊ नयेत, रोज घरी यावं, घरचं गरम जेवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तो वाईट मनाचा असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

गाडी येण्याआधी पुष्पांजली सडक अर्जुनीला राहायची. तिथल्या हायस्कुलात ती जीवशास्त्र शिकवायची आणि शाळा सुटल्यावर गोंदियाची सोयीची बस मिळायची नाही, म्हणून भागीरथाबाईंच्या घरामागची एक खोली तिने घेतली होती. सोमवारी जायचं, शनिवारी परत यायचं. खोलीत एक खाट, एक शेगडी आणि पुस्तकं होती. कधी ती रात्री नुसते मुरमुरे खाऊन झोपायची. कधी ओले केस मोकळे सोडून खाटेवर पडायची आणि हायवेवरचे ट्रक ऐकत राहायची. भाजी कोणती करू, असं तिला कुणी विचारायचं नाही आणि तीही कुणाला विचारायची नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण कशात सुखी आहोत हे तिला त्या खोलीत समजलं होतं.

आता गाडी होती. सकाळी बॅटरीवर जायचं, शाळेत चार्ज करायची, संध्याकाळी दिवेलागणीला घरी. 'गाडी आहे तर खोली कशाला?' असं हिमांशु म्हणाला, तेव्हा तिने खोलीची किल्ली पर्समध्ये आत सरकवली. या शनिवारी मिलचा टेम्पो जाऊन सामान आणणार होता. खोलीसाठी भागीरथाबाईंकडे दुसरं कुणी चकरा मारत होतंच.

म्हणून पुष्पांजलीने हा घाट घातला होता. गाडी एकदा, फक्त एकदाच, सडक अर्जुनीत अडकायला हवी होती. मग खोली ठेवायला कारण मिळालं असतं. हल्ली ती शाळेत वायर लावायची नाही, परतीच्या वाटेवर बटण दाबून गाडी मुद्दाम पेट्रोलवर चालवायची आणि पंपावर थांबायची नाही. आज भरल्या बॅटरीवर शाळेत पोहोचायचं, तिथे आजही वायर लावायची नाही आणि संध्याकाळी फोन करायचा की दिवसभर लाइट नव्हती आणि पेट्रोलही संपलंय.

बॅटरीची तिला काळजी नव्हती. ते काम सासूबाईंचं होतं. चंद्रकांताबाई संध्याकाळी देवापुढे दिवा लावायच्या आणि लगेच पोर्चमध्ये येऊन गाडीला वायर लावायच्या. एक दिवस त्यांनी चुकवला नव्हता. संध्याकाळी गाय दावणीला बांधावी तसं ते पुष्पांजलीला वाटायचं आणि त्यांच्या हातात ती वायर दिसली की तिच्या कपाळावर आठी यायची.

गाडी बॅटरीवर असली की आवाज करायची नाही, हे मात्र तिला आवडायचं. फाटकातून आत आल्यावर ती दिवे बंद करून गाडीतच बसून राहायची. घरात कुणाला चाहूल लागायची नाही. मग हिमांशुची यायची वेळ झाली की एक श्वास घेऊन दार उघडायची.

मुरदोलीचं जंगल लागलं. वन्यप्राण्यांना रस्ता ओलांडू द्या, अशी पाटी गेली. आणि एकदम गाडीतून आवाज यायला लागला.

पुष्पांजली दचकली. इंजिन सुरू झालं होतं. तिने सकाळपासून पहिल्यांदा बॅटरीच्या आकड्याकडे बघितलं. बॅटरी संपली होती. रोज सकाळी ती भरलेलीच असायची, त्यामुळे निघताना तिने फक्त पेट्रोलचा काटा बघितला होता.

"नको गं बाई, इथे नको," ती गाडीला म्हणाली.

गाडीने थोडं ऐकलं. एक वळण गेलं, एक चढ गेला. मग दोन आचके देऊन ती सागाच्या झाडांखाली रस्त्याकडेला उभी राहिली. तिच्यात पेट्रोलही नव्हतं आणि चार्जिंगही नव्हतं. सडक अर्जुनी पुढे राहिली होती, गोंदिया मागे. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि गाडी हलली. पुष्पांजलीला स्वतःची इतकी चीड आली की तिने स्टिअरिंगवर हात आपटला.

मुख्याध्यापकांना उशीर होईल असं कळवून तिने हिमांशुला फोन लावला. तो उचलेना. मग घरी लावला.

"आई, गाडी बंद पडली."

"कुठं? सडक अर्जुनीले?" चंद्रकांताबाईंचा आवाज उत्सुक वाटला.

"नाही. मुरदोलीच्या जंगलात."

"जंगलात?" पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "जंगलात कायले बंद पडली? पेट्रोल होतं ना तिच्यात?"

पुष्पांजलीने काट्याकडे बघितलं. गाडी बंद पडली म्हटल्यावर चार्जिंगचं विचारायचं सोडून या पेट्रोलचं का विचारतायत?

"आई, रात्री चार्जिंग झालं नाही वाटतं."

"मले मालूम आहे. वायर लावली, अन् तुम्ही झोपल्यावर भिंतीवरचं बटन मीच बंद केलं."

"तुम्ही?"

"मले वाटलं, पेट्रोल जाण्यातच खर्चेल, शाळेत लाइट गेली का येण्याले काही उरणार नाही. मंग एक रात राहशील तिकडे." त्यांनी पुन्हा विचारलं, "पेट्रोल काऊन नव्हतं पण?"

"मी भरलं नाही."

"काऊन?"

"तुम्ही ज्यासाठी बटण बंद केलं, त्यासाठीच."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला. मग चंद्रकांताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "रोज पोर्चमध्ये गाडीत बसून राहतेस तू. आवाज नाही येत म्हणून मले समजत नाही का? मी दारामागं वायर धरून उभी राहतो. तू उतरली का मंग बाहेर येतो."

पुष्पांजलीने फोन कानाशी घट्ट धरला. इतके महिने ती ज्या दारातून आत जायला कचरत होती, त्याच दारामागे कुणीतरी तिच्यासाठी थांबलेलं होतं. तिचे डोळे भरून आले.

"काचा लावून बस," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "हिमांशुले घेऊन येतो मी."

हिमांशु मिलची जीप घेऊन आला. मागे पेट्रोलची कॅन होती आणि पुढे मांडीवर पिशवी घेऊन चंद्रकांताबाई बसल्या होत्या. त्याने कॅन ओतली आणि हात पुसत बायकोकडे बघितलं.

"पेट्रोल नाही टाकलं?"

"विसरली मी."

"और चार्जिंग?"

"बटन लावायचं राहून गेलं माझ्याकडून," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "वय झालं आता."

हिमांशुने आईकडे बघितलं, मग पुन्हा बायकोकडे.

"दोघी एकाच दिवशी?"

पुष्पांजली कॅनचं झाकण लावायला लागली. त्याने मान हलवली.

"ठीक आहे. उद्यापासून दोन्ही मीच बघत जाईन. टेन्शन नको घेऊस."

पुष्पांजलीने मान खाली घातली. आता खरंच सगळं संपलं होतं. तेवढ्यात गाडीचं पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. चंद्रकांताबाई आत बसून पदर सावरत होत्या.

"आई, तू कुठं चालली?"

"हिच्यासंगं जातो. या गाडीचा भरोसा नाही. शनिवारी टेम्पो पाठवू नको, खोली राहू दे."

"अन् घरी कोण?"

"तू आहेस ना. कुलूप लावता येते का नाही तुले?"

हिमांशु हसला, मग आई हसत नाही हे बघून थांबला.

गाडी निघाली. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून दोन लुगडी आणि गोळ्यांची डबी दिसत होती. चंद्रकांताबाई बाहेरचं जंगल बघत होत्या.

"खाटा किती आहेत?" कोहमारा आल्यावर त्यांनी विचारलं.

"एकच आहे."

"मी खाली झोपतो. मले काही लागत नाही."

पुष्पांजली हो म्हणाली. खोली वाचली होती, पण ती आता तिच्या एकटीची राहिली नव्हती. याचं तिला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

भागीरथाबाईंच्या अंगणात गाडी थांबली. पुष्पांजलीने उतरून कुलूप काढलं आणि सवयीने डिक्कीतली वायर आणली. चंद्रकांताबाई उतरल्या नव्हत्या.

"तू हो आत," काच खाली करून त्या म्हणाल्या. "मी बसतो थोडी."

काच वर गेली. चंद्रकांताबाईंनी पायातल्या चपला काढल्या, डोकं मागे टेकवलं आणि डोळे मिटले. त्यांना असं भर सकाळी, हातात काही काम नसताना बसलेलं पुष्पांजलीने कधी पाहिलं नव्हतं. ती दाराच्या आत सरकली आणि तिथूनच बघत उभी राहिली.

भागीरथाबाई सुपात तांदूळ घेऊन बाहेर आल्या.

"कोण होय गाडीत? आत काऊन नाही येत?"

"सासूबाई आहेत माझ्या," पुष्पांजली हळूच म्हणाली. वायर तिच्या हातातच होती. "येतील. त्यांना हाक मारू नका."