कोसिमो मुकादमाची व्हॅन

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या आवारात टायर बसलेली एक पांढरी व्हॅन धूळ खात उभी आहे, ती मी. माझी हकीकत ऐकाल का?

कारखान्यातून निघाले ती इटलीतल्या ब्रिंदिसी शहराजवळच्या एका बेकरीवाल्याकडे आले. रोज सकाळी ऊन ऊन पाव घेऊन मी गल्लोगल्ली हिंडायचे. तो मला धुवायचा, पुसायचा, "माझी राणी" म्हणायचा. त्याने धंदा आवरला आणि मला कोसिमो नावाच्या मुकादमाने घेतले.

कोसिमोने माझ्या पोटात लाकडी बाकडी ठोकली. रोमानियातून आलेल्या बायकांना त्यात कोंबून तो द्राक्षमळ्यांवर न्यायचा. माझे ब्रेक किंचाळायचे, पण दुरुस्तीचे नाव कोणी काढत नसे.

त्या बायकांत रोदिका खमकी होती. तिच्याजवळ बसणारी विओरिका अंगाने काडी, पण जिभेने तिखट. "मुकादम द्राक्षंसुद्धा इतकी दाबून भरत नाही गं," ती म्हणायची. "ती चिरडली तर नुकसान होतं ना!" सगळ्या हसायच्या.

त्या ऑगस्टात मळ्यावर ताणलेल्या प्लास्टिकखाली नुसती भट्टी झाली होती. दुपारी विओरिका बोलता बोलता गप्प झाली आणि वेलीखाली कोसळली. अंग निखाऱ्यासारखे, पण घामाचा थेंब नाही.

"सावलीत टाका. उठेल," कोसिमो म्हणाला.

"दवाखान्यात न्यायची आहे. चावी दे," रोदिका म्हणाली.

"तिथे सतरा प्रश्न विचारतात. तुमची नावं कुठल्या कागदावर नाहीत, विसरलीस? चल, कामाला लाग. ट्रक येतोय."

रोदिकाने कातर खाली ठेवली. शेजारणीनेही ठेवली. बघता बघता सगळ्या ओळींतला कातरांचा आवाज बंद पडला.

"ट्रक रिकामा जाईल हं, कोसिमो," म्हातारी अनेता शांतपणे म्हणाली.

त्याने चावी मातीत भिरकावली. "माझं नाव घेतलंत, तर उद्यापासून एकीनेही गाडीत पाय ठेवायचा नाही!"

रोदिकाने गावाकडे ट्रॅक्टर चालवला होता. तिने मला पिटाळले. मागे अनेता विओरिकाचे डोके मांडीवर घेऊन तिला हाका मारत होती. उतारावर माझे ब्रेक लागेनात. जीव मुठीत धरून, कुंपणाला घासत मी कशीबशी दवाखान्याच्या दारात थांबले.

विओरिकाला आत नेता नेता डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कुठे होती ही?"

"बाजारात चक्कर आली म्हण," अनेता कुजबुजली. "आपल्या सगळ्यांच्या चुली विझतील गं!"

रोदिका माझे दार लावून डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"द्राक्षमळ्यात," ती म्हणाली. "प्लास्टिकखाली. तिथे पाणी मागितलं तर शिव्या मिळतात. आम्हाला तिथे नेणाऱ्याचं नाव कोसिमो."

विओरिका वाचली. पण अजूनही तिच्या हातातला पेला हिंदकळतो. त्या हंगामात बायकांचे काम गेले आणि अनेताने रोदिकाशी बोलणे टाकले. मग चौकशी झाली, कोसिमोला पकडले, मला इथे आणून उभे केले. पुढच्या हंगामात त्याच बायका रीतसर नावे लावून, धड बसमधून मळ्यावर गेल्या. अनेताने रोदिकाशेजारी जागा धरली, असे ऐकते.

मित्रांनो, मी मुकी. मला "थांबा" म्हणता आले नाही. तुम्हाला येते. परमुलखातून राबायला आलेले कोणी असे कोंबून नेताना दिसले, तर नजर वळवू नका. आधी पाणी द्या, मग नाव विचारा.