डाव्या कोपऱ्यातला खडक

चौकटीखाली चिकटवलेली सोनेरी कागदाची पट्टी एका टोकाला सुटली होती, पंख्याच्या वाऱ्यानं उठायची, बसायची, पुन्हा उठायची — आणि शिगेओ तिच्याकडेच बघत राहिला, कारण तेवढा वेळ वरच्या छायाचित्राकडे बघावं लागत नव्हतं. प्रथम क्रमांक. 'शिमान्तोची पहाट'. शिगेओ नाकाहिरा, शाळेचे निवृत्त ग्रंथपाल. गावच्या सभागृहात शिमान्तो नदीची साठेक छायाचित्रं लागली होती — बिनकठड्याचे पूल, काठावर शेवाळ वाळत घालणाऱ्या बायका — पण खालच्या गावचे दोन कोळी मघापासून इथंच खिळले होते. चित्रातल्या म्हाताऱ्याचा चेहरा ते बघत नव्हते, त्याच्या हातातला वाम मासे धरायचा सापळाही नाही. एकानं चष्मा कपाळावर चढवून डाव्या कोपऱ्याला जवळजवळ नाक लावलं होतं.

"पांढऱ्या पट्ट्याचा खडक. म्हणजे वळणाच्या वर, बांबूच्या बनाखाली. आणि आपण जन्मभर खाली शोधतोय."

"हळू बोल. मास्तर मागं उभे आहेत."

वामांची जागा कुणी कुणाला सांगत नाही. चित्रातल्या म्हाताऱ्याला, गेन्जिरोला, त्याच्या बापानं ती सांगितली तीही अंथरुणाला खिळल्यावर, आणि ऐंशी उलटली तरी गेन्जिरोनं आपल्या मुलाला अजून सांगितलेली नाही. शिगेओला होडीत घेताना तो एवढंच म्हणाला होता, "माझं तोंड घ्या, हात घ्या. काठ तेवढा नको, मास्तर." आणि शिगेओनं मान डोलावली होती.

मग छापायच्या आधी तो खडक दिसला... धुक्यातून दोन बोटं वर आलेला. शिगेओनं तो कापला. कापल्यावर चित्र लंगडं झालं, म्हातारा अधांतरी वाकल्यासारखा दिसायला लागला. तीन दिवस तो कापत होता, परत जोडत होता. एवढासा दगड कोण ओळखणार, असं तो शेवटी मोठ्यानं म्हणाला, रिकाम्या खोलीत — आणि मोठ्यानं म्हणावं लागलं तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंच होतं. मला कळलं होतं, तो आता स्वतःशी म्हणाला.

दाराशी बूट काढून गेन्जिरो आत आला. लग्नकार्याला घालायचा कोट, टोपी हातात. ते दोघे कोळी गरजेपेक्षा जास्त वाकले आणि शेवाळवाल्या बायकांकडे सरकले. गेन्जिरो चित्रासमोर उभा राहिला. आधी स्वतःचा चेहरा, मग हात, मग नजर डावीकडे गेली आणि तिथंच राहिली.

"होडी फारच जुनी दिसते हो," तो म्हणाला. "रंग तरी द्यायला हवा होता."

"गेन्जिरोसान, मी..."

"जाऊ द्या. आता पहाटे उठायला नको. कंबर कधीची कुरकुरतेय, तिचं तरी ऐकेन." मग टोपी छातीशी धरून तो वाकला. "अभिनंदन, मास्तर."

त्यानं चारचौघांत शिवी दिली असती तर... शिवी ऐकून घेता येते. चौकट दोन आकड्यांवर लटकली होती. उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवायला दोन क्षण लागले असते. पण ज्यांनी बघायचं त्यांनी बघून झालं होतं, आणि आता ती उतरवणं म्हणजे आपण किती सज्जन हेच भिंतीवर टांगण्यासारखं. की हीसुद्धा पळवाटच? तो एक पाऊल पुढं झाला, तेवढ्यात शहरातून आलेली एक बाई शेजारी येऊन थांबली.

"तुम्हीच काढलंत?" ती म्हणाली. "सगळं त्या कोपऱ्यातल्या खडकावर तोललंय. तो नसता तर हे नुसतं एका म्हाताऱ्याचं चित्र झालं असतं."

शिगेओची मान सवयीनं खाली गेली. आणि वाकल्या वाकल्याच त्याला जाणवलं की छातीत काहीतरी सुखावलंय — गेन्जिरो अजून दारातच आहे, पाठमोरा, भिंतीला हात टेकून बुटात पाय घालतोय, आणि तरीही सुखावलंय. इतका वेळची लाज निदान एका कृत्याची होती; दारापर्यंत धावत जाऊन त्याची माफी मागता आली असती. ही मात्र... ही घेऊन कुणाच्या पाया पडायचं, ते त्याला कळेना, आणि तो तसाच वाकून राहिला, बाई पुढच्या चित्राकडे निघून गेली तरी.