पाण्यावरचा नाका

शरिफाबीने तांब्याने धरणाचं पाणी उपसलं आणि होडीच्या फळ्यांवर ओतलं. फळ्या जरा निवल्या, सुकल्या, तशी तिने गोधडी अंथरली आणि यास्मिनला खांद्याला धरून आडवं केलं. पोरीचे दिवस भरले होते. कुठल्याच कुशीवर तिला चैन पडत नव्हतं. वर ताडपत्री होती, पण एप्रिलचं ऊन ताडपत्रीला जुमानत नव्हतं.

"अम्मा, जमिनीवर कवा उतरायचं?"

"उतरू."

"रोज हेच म्हणतीस."

शरिफाबीने पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. होडीच्या टोकाला तिचा थोरला, मुजफ्फर, गळ टाकून बसला होता. मासे धरायची ही त्याची होडी आता तिघांचं घर झाली होती. एक स्टोव्ह, एक घागर, बाळंतपणासाठी धुऊन ठेवलेली जुनी लुगडी, आणि कितीही घासलं तरी न जाणारा मासळीचा वास.

चूक शरिफाबीचीच होती. यास्मिनचं सासर धरणाच्या पलीकडच्या काठावर, दुसऱ्या जिल्ह्यात. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात नवरा पुण्यात अडकलेला. रोगामुळे जिल्ह्याची हद्द बंद झाली, रस्त्यावर पोलीस बसले, पास मागू लागले. तेव्हा शरिफाबी मुजफ्फरला म्हणाली होती, "रस्त्याला नाका हाय. पान्यावर कोन नाका लावनार?" आपल्या हुशारीवर खूश होत ती स्वतः होडीत बसून गेली आणि लेकीला घेऊन आली.

नाका काठावर होता. गावची माणसं हातात काठ्या घेऊन उभी होती आणि पुढे सरपंच हिंमतराव, तोंडाला उपरणं बांधून.

"भाभी, पल्याड रोग निघालाय. बाहेरून आलेल्याला चौदा दिसांची मुदत भरल्याबिगर गावात पाय ठेवता येत न्हाय. शाळेत ठेवलं असतं, पर शाळा माणसांनी भरलीय."

होडी वळवून ती परत यास्मिनच्या सासरच्या काठाला गेली. तिथली माणसं म्हणाली, गेलात ना, आता तिकडंच राहा. इकडे आड, तिकडे विहीर. मधे ही होडी.

हिंमतराव वाईट माणूस असता तर तिला सोपं गेलं असतं. ईदेला तिच्या घरी शिरखुर्मा खाऊन वर वाटी मागून घेणारा माणूस तो. रोज सकाळी पीठ, तेल, कांदे काठावरच्या खडकावर ठेवी आणि मागे सरकून उभा राही. गावाने त्याच्यावर भरवसा टाकलेला, त्याचाही हात दगडाखाली. हे शरिफाबीला कळत होतं, म्हणूनच तिला धड शिव्याही देता येत नव्हत्या. ती भांडून थकली, विनवून थकली, आणि आता नुसतीच थकली होती. रात्री होडी हलली की तिला वाटे, आपलं हाडन् हाड हलतंय.

एका सकाळी यास्मिनने तिचा हात धरला आणि सोडेना. शरिफाबीने तिच्या पोटावर हात ठेवला आणि मुजफ्फरला म्हणाली, "काठाला घे."

होडीचं नाक चिखलात रुतलं. काठावर हिंमतराव फोन कानाला लावून येरझारा घालत होता.

"दवाखान्याची गाडी निघालीय म्हनत्यात, भाभी. मधीच नाक्यावर थांबवलीय."

"पोर काय पास बघून थांबनार हाय व्हय?"

गर्दीतून शिवम्मा पुढे आली. शरिफाबीची शेजारीण. तालुक्यात दवाखाना होण्याआधी निम्मं गाव हिच्याच हातून जन्मलेलं. तिने लुगड्याचा ओचा खोवला आणि सरळ पाण्यात शिरली.

"शिवम्मा," हिंमतराव म्हणाला, "चढलीस तर तुलाबी खाली येता येनार न्हाय."

"ठाऊक हाय. माझ्या शेळीला तेवढं पानी दाव."

मुजफ्फर कमरेएवढ्या पाण्यात उतरून होडी धरून उभा राहिला, तोंड फिरवून. काठावरच्या माणसांनीही पाठ केली. ताडपत्रीच्या खाली दोन म्हाताऱ्या आणि यास्मिन. ऊन डोक्यावर आलं. मग एक बारीक, चिडका आवाज पाण्यावरून काठापर्यंत गेला.

"काय झालं?" हिंमतरावाने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"पोरगी," शिवम्मा म्हणाली.

"दोघी बऱ्या हाईत न्हवं?"

"हाईत."

त्याने उपरण्याने डोळे पुसले आणि उपरणं पुन्हा तोंडावर ओढलं.

शरिफाबीने नातीला पुसून लुगड्यात गुंडाळलं. एकदा यास्मिनकडे पाहिलं. यास्मिनने थकलेले डोळे उघडून होकाराची मान हलवली. मग शरिफाबी होडीच्या टोकाशी आली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"सरपंच, बाहेरून आलेल्याला बंदी, असंच न्हवं?"

"व्हय, भाभी."

"मग ही कुठनं आली?"

हिंमतराव होडीकडे वळला आणि पोरीकडे बघू लागला.

"हिनं पल्याडला पाय ठेवला न्हाय. हितंच झाली, तुमच्या काठाला. तुमच्या गावची हाय. धरा."

हिंमतरावाने मागे वळून माणसांकडे पाहिलं. कोणी हो म्हणेना, कोणी नको म्हणेना. त्याने धोतराला हात पुसले, पायातल्या चपलांसकट पाण्यात आला आणि पोरीला घेतलं. आधी अंगापासून लांब धरलं, मग मान सावरायला जवळ घ्यावंच लागलं. पोरगी त्याच्या सदऱ्यावर तोंड घासत काहीतरी शोधू लागली आणि न सापडल्यावर रडायला लागली. त्याने तिला हलवलं, थोपटलं. ती आणखीच रडू लागली.

"भाभी," तो हळूच म्हणाला, "हिला पाजायचं कसं?"

शरिफाबी होडीच्या काठावर टेकली.

"दूध पल्याडनं आलंय," ती म्हणाली. "त्येचं काय करायचं ते तुमी ठरवा."