न पोचलेला लाल

भंडाऱ्यात नदीकाठच्या त्या खोलीत दोन संगणक होते. एक इन्व्हर्टर, हात मोडलेली एक खुर्ची आणि दोन धड, भिंतीवर वैनगंगेच्या काठच्या नऊ गावांचा नकाशा, खिळ्याला एक ओला रेनकोट. या मोजणीत मी नव्हतो, कारण मी डोळ्यांना दिसत नाही. मित्रांनो, मी एक जुना रंग-संकेत आहे.

कंट्रोल आणि के ही बटणं एकत्र दाबली की माझा जन्म होतो. मला स्वतःचा आकार नाही. माझ्यामागे तीनचा आकडा लिहिला तर पुढची अक्षरं हिरवी होतात, सात लिहिला तर नारिंगी, चार लिहिला तर लाल. चॅटच्या ज्या प्रोग्रामला माझी भाषा कळते, तेवढ्यातच मी जगतो. त्याच्या बाहेर मी कुणीच नाही.

त्या खोलीला सगळे 'वैनतीर केंद्र' म्हणत. नऊ गावांनी मिळून ते उभं केलं होतं. नदी किती चढली हे गावागावांना कळवायचं, एवढंच त्याचं काम. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इश्वरकाका ते सांभाळत. गावांतले संगणक जुने, इंटरनेट अशक्त, म्हणून त्यांनी हा हलका प्रोग्राम निवडला आणि एक नियम घालून दिला. ओळीत फक्त गावाचं नाव आणि पाण्याची पातळी लिहायची. बाकी सगळं रंगानं सांगायचं. हिरवा म्हणजे नदी आपल्या जागी आहे. नारिंगी म्हणजे सामान बांधा. लाल म्हणजे घर सोडा.

"धोक्याच्या पाटीवर कोणी निबंध लिहिते का?" ते म्हणत. "लाल दिसला का माणूस पळते."

आणि माणसं पळाली. एका पावसाळ्यात माझ्या तीन लाल ओळींवर तीन गावं रिकामी झाली. पाणी ओसरल्यावर लोक केंद्रात पेढे घेऊन आले, संगणकाच्या पडद्याला हळदकुंकू लावून गेले. तेव्हा मला वाटलं, आपण अक्षरांपेक्षा मोठे आहोत.

मग दिवस बदलले. या उन्हाळ्यात पिंपळटोलीचा संगणक बंद पडला. दुरुस्तीला साकोलीला नेलेला तो परत आलाच नाही. त्या गावाची पोलीस पाटील शालू म्हणाली, "माझ्या मोबाईलवर पाठवत जा ना, त्यात काय!" कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा नदी आपल्या जागी होती, मोबाईलवर रंग पोचतो का हे पाहायची वेळच आली नव्हती.

पिंपळटोलीत सुगतची मावशी राहत होती. सुगत म्हणजे केंद्रातला दुसरा माणूस, इश्वरकाकांच्या हाताखालचा. मावशीचं नाव आनंदाबाई. गुडघ्यांनी अधू, घर अगदी नदीच्या अंगाला. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं.

त्या दिवशी दुपारी पिंपळटोली नारिंगी झाली. शालूला फोनवर तोंडीच सांगून सुगतने लगेच मावशीला फोन लावला.

"जयभीम मावशी. गठुडं बांधून ठेव. लाल आला का निघजो बरं."

"लाल-हिरवं मले काय दिसते बापा? शालू सांगन तवा निघीन. पण बोटीत माह्या कोंबड्याईले जागा हाय का नाही, थे पयले सांग!"

"कोंबड्याईले खुर्ची देतो, तू निघजो फक्त."

दोघंही हसले. मी ते हसणं ऐकलं.

पुढच्या दोन तासांत नदी एकदम चढली आणि चार गावं एकाच वेळी लाल झाली. सुगतने मला बोलावलं, चारचा आकडा दिला, ओळ लिहिली: पिंपळटोली ८.४. पडद्यावर ती लालभडक उमटली. मग त्याने ती ओळ उचलून शालूच्या मोबाईलवर टाकली आणि लगेच पुढच्या गावाकडे वळला.

मित्रांनो, ओळ उचलली जाताना हा प्रोग्राम मला मागे ठेवतो. अक्षरं गेली, आकडा गेला. मी नाही गेलो.

"पाठवला का रे?" इश्वरकाकांनी विचारलं.

"पाठवला जी. निळ्या खुणाही आल्या. पाहिला तिनं."

अंधार पडता पडता शालूचा फोन आला. ती धापा टाकत होती.

"सुगतभाऊ, लाल काहून नाही पाठवला? पाणी घरात घुसून राहिलं! आम्ही शाळेच्या छतावर हावो. मावशी खाटेवर गठुडं घेऊन बसून होती, सारखी विचारे, लाल आला का शालू? मी म्हटलं, नाही आला अजून. आता तिकडं कोणाले जाताच येत नाही."

"लालच पाठवला ना शालू!"

"काळाच हाय, भाऊ. पाहा तू."

त्याने मोबाईल पडद्याशेजारी धरला. पिंपळटोली ८.४. पिंपळटोली ८.४. अक्षर न अक्षर तेच. एका ओळीत मी होतो, दुसरीत नव्हतो.

इश्वरकाकांनी दोन्ही ओळी पाहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लाल झालेल्या चारही गावांना शब्द लिहिले: घर सोडा. लगेच निघा. बोट पिंपळटोलीला सकाळी पोचली. आनंदाबाई घरातच सापडल्या. कोंबड्यांची टोपली छपराच्या वाशाला बांधलेली होती, त्यातल्या दोन जिवंत होत्या.

मित्रांनो, मी अजून त्याच संगणकात आहे. मला वापरा, रंग नजरेला लवकर भिडतो, हे खरं आहे. पण ज्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे ती गोष्ट एकट्या माझ्या हाती देऊ नका. ती शब्दांत लिहा. आणि समोरच्याला काय दिसलं, हे त्याला विचारून घ्या.

पाणी ओसरल्यावर सुगत टेप घेऊन मावशीच्या घरी गेला. परत येऊन त्याने चॅटमध्ये एक ओळ लिहिली. मला बोलावलं नाही.

आनंदाबाईंचं घर. भिंतीवर पाण्याची खूण जमिनीपासून एक मीटर सत्तर सेंटीमीटर. खाटेची उंची पंचेचाळीस सेंटीमीटर.