दार वहिनींनी धरायचं

खोकं टेबलावर होतं, सील शाबूत होतं आणि वहिनी त्याच्याकडे टक लावून बसली होती. आत नवं कोरं ग्राफिक्स कार्ड. "सील फोडलंत तर परत घेणार नाही. खात्री आहे ना?" असं दुकानदाराने काल दोनदा विचारलं होतं, आणि हिने ठणकावून हो म्हटलं होतं. आता सामना संध्याकाळवर आला होता आणि सील फोडायला हात उचलत नव्हता.

दिवसभर चष्म्याच्या काचा घासणारी ही बाई. पण कामावरून आली, हेडफोन चढवला की संगणकावरच्या गोळीबाराच्या खेळात चार जणांच्या टीमची पिछाडी सांभाळायची. टीमचा कॅप्टन तिचा धाकटा दीर, म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी. तिचं काम एकच, दार धरायचं. दारातून कोणी आत आला की त्याला टिपायचं. काम छान जमायचंही. मात्र अलीकडे समोरच्यांनी धुराचा गोळा टाकला रे टाकला की हिचा पडदा गचके खायचा. चित्र जागीच गोठायचं, आणि सुटायचं तोवर ही मेलेली असायची.

"मशीन अडकलं," ती म्हणायची. आधी सगळ्यांनी मानलं. मग एकदा टक्कल बोलला. टक्कल म्हणजे टीममधला तोंडाळ गडी, डोक्यावर भरपूर केस असूनही हे नाव कसं पडलं ते त्यालाच माहीत. तो म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यावर कोणी हसलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं. पण सगळ्यांना ते पटलं होतं.

त्यानंतर दिराचा फोन आला. "वहिनी, शनिवारी परत असं झालं तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल. घरचं माणूस म्हणून किती झाकू?"

तो बरोबर बोलत होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

मग प्रश्न उरला तो बदलायचं काय, प्रोसेसर की कार्ड? दोन्ही एकदम घेणं झेपणारं नव्हतं. खेळणाऱ्यांची यावर एक साधी परीक्षा असते. पडद्यावरचं चित्र बारीक, म्हणजे कमी तपशिलाचं, करून बघायचं. गचके गेले तर दोष कार्डाचा, कारण चित्र रंगवायचं काम त्याचं. नाहीच गेले तर दोष प्रोसेसरचा. वहिनीने सरावाच्या मैदानावर एकटीने धुराचे गोळे फोडले. मोठ्या चित्राला थोडे गचके, बारीक चित्राला एकही नाही. म्हणजे कार्डच. विषय संपला होता, आणि काल कार्ड घरी आलं होतं. आज मात्र सील फोडायच्या आधी तिने तीच परीक्षा पुन्हा लावली.

"पुन्हा तेच चाललंय का?" सासूबाई चहाचा कप घेऊन आत आल्या.

"शेवटचं बघून घेते, आई. बघा, बारीक चित्रावर कसं लोण्यासारखं चालतंय."

सासूबाईंनी पडद्यात डोकावून पाहिलं. "कोणाशी लढतेयस?"

"कोणाशीच नाही. चाचणी आहे ही."

"मग काय कळणार डोंबल? घरात दोनच माणसं असली की कुठलंही स्वयंपाकघर मोठंच वाटतं. पाहुणे आले की कळतं."

 वहिनीने चहा तसाच ठेवला आणि चित्र बारीक ठेवूनच अनोळखी लोकांच्या भरल्या सामन्यात उडी घेतली. आठ माणसं, गोळ्या, पळापळ, आणि धूर. पडदा गोठला. कोपऱ्यातले आकडे बघितले तर कार्ड निम्मं रिकामं बसलेलं, आणि प्रोसेसर मात्र पार घाण्याला जुंपलेला. माणसांचा हिशेब ठेवायचं काम त्याचं, आणि रिकाम्या मैदानात ठेवायला माणसंच नव्हती. इतकी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती.

"मूर्ख आहे मी," ती म्हणाली आणि खोकं उचलून पायात चपला सरकवल्या.

दुकानदार दुपारचं शटर ओढायच्या बेतात होता. त्याने खोकं उलटंपालटं करून सीलवर नख फिरवलं. "काल तर अगदी छातीठोक सांगत होतात."

"काल मी एकटीच खेळत होते."

त्याला काही उमगलं नाही, पण त्याने कार्ड घेऊन प्रोसेसर दिला. "तुमच्या मशीनच्या बोर्डावर चालेल हा. बसवताना जोर लावू नका. याच्या खालची एक टाचणी वाकली की संपलं. तिसऱ्यांदा येऊ नका म्हणजे झालं."

घरी सासूबाईंनी टॉर्च धरला. वहिनीने पंखा काढला, उष्णता वाहून नेणारा जुना वाळका लेप पुसला, छोटी दांडी उचलून जुना प्रोसेसर बाहेर घेतला. केसाइतका ओरखडा काचेवर न उमटू देणारी तिची बोटं आज टाचण्यांपाशी चाचपडत होती. नव्याच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण खोबणीवरच्या त्रिकोणाशी जुळवला. प्रोसेसर अलगद बसला. दांडी खाली दाबताना जरा विरोध झाला, तेव्हा ती थांबली आणि मग पुन्हा दाबली.

"सावकाश गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुला टीममधून काढलं ना त्याने, तर या घरात त्याला जेवायला वाढणार नाही मी."

"आई, टॉर्च सरळ धरा."

नवा लेप लावला, पंखा परत चढवला आणि मशीन सुरू केलं. पंखे फिरले, पडदा काळाच. तिने तारा पुन्हा दाबून पाहिल्या. पडदा काळाच राहिला, आणि सगळं घालवलं आपण, हे तिने मनातल्या मनात कबूल करून टाकलं. तेवढ्यात उजेड आला. तिकडे दिराचा निरोप येऊन पडला होता, सगळे जमलेत, वहिनी कुठे?

सामन्याच्या शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या, आणि यांची टीम एका फेरीने पुढे होती. इतका वेळ समोरच्यांनी धूर टाकला नव्हता. आता गोळा दारात येऊन फुटला.  धूर पसरला, चित्र वाहतं राहिलं, एकही गचका नाही. धुरातून माणूस बाहेर आला, स्पष्ट, अंगावर, आणि तिने गोळी झाडली. ती चौकटीला लागली. पुढच्या क्षणी ही मेली आणि फेरी गेली, सामना बरोबरीत आला.



"अडकलं का, वहिनी?" दिराने विचारलं. आवाज मऊ होता. हो म्हणायला वाट करून देत होता बिचारा. इतके दिवस हेच उत्तर खरं होतं, आता एकदा खोटं दिलं तर कोणाला कळणार होतं?

सासूबाई दारात उभ्या होत्या. वहिनीने त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"नाही," ती म्हणाली. "मशीन ठणठणीत आहे. माझा नेम चुकला."

  आता टीममधून काढणार, आणि काढलं तर तक्रार करायला जागाही नाही.

"म्हणजे आधी खरंच अडकत होतं तर," टक्कल सावकाश म्हणाला.

"खरंच अडकत होतं."

"हं." तो जरा घुटमळला. "कॅप्टन, शेवटची फेरी आहे. दार कोणाकडे?"

"तूच सांग," दीर म्हणाला.

"वहिनींकडेच राहू दे. चुकलं की चुकलं म्हणतात, मग माझी पाठ त्यांच्याकडे असली तरी चालेल मला."

वहिनीने ओले तळवे पदराला पुसले आणि दारावर नेम धरला. धूर पुन्हा आला.