कोणत्या कुशीवर झोपते

जीप निघताना कल्याणी कुठं बसणार, हे कुणी विचारलंच नाही. ती सरळ काकूच्या, म्हणजे यशोधराच्या मांडीवर जाऊन बसली आणि तिची आई शीला कपड्यांची पिशवी पोटाशी धरून शेजारी बसली. पुढं कल्याणीचे वडील बाजीराव. गाडी चालवायला धाकटा चुलता भिमाजी, यशोधराचा नवरा. आळेफाट्याला त्याचं गॅरेज होतं आणि ही कमांडर जीप त्यानं ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून मागून आणली होती. घर आणि गुरं सांभाळायला सासूबाई द्रौपदा बोरी बुद्रुकलाच राहिल्या. निघण्याआधी त्यांनी बुद्धांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, सगळ्यांना उभं करून त्रिसरण म्हणायला लावलं, आणि नातीच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा बाय. नीट व्हऊन ये."

कल्याणी सहा वर्षांची होती. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र होतं. काही मुलांचं आपोआप बुजतं, वाट पाहू, असं पुण्याचे डॉक्टर आधी म्हणाले होते. ते बुजलं नाही. दर थंडीत तिची छाती भरायची, जिना चढली तरी धाप लागायची, आणि वर्गातल्या मुलींमध्ये ती सगळ्यांत बारकी दिसायची. शेवटी २००३ च्या जानेवारीत ऑपरेशन ठरलं.

ती आठ महिन्यांची असताना शीलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक मिळाली होती. शाळा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्याही वर, डोंगरातल्या एका वस्तीवर. पावसाळ्यात एसटी कधी यायची, कधी नाही. दवाखाना पार घोडेगावला. छाती भरणारं पोर तिथं नेणं शक्यच नव्हतं आणि घरातली पहिली सरकारी नोकरी सोडा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. यशोधराला मूलबाळ नव्हतं. तिनंच कल्याणीला उचलून घेतलं आणि म्हणाली, "आक्का, तुमी जा. मी हाय." तेव्हापासून शीला सोमवारी अंधारात निघायची आणि शनिवारी संध्याकाळी परत यायची. भाताची खाचरं करणाऱ्या लोकांची मुलं तिनं शिकवली. त्यांच्यातला कोण डावखुरा, कोण कुत्र्याला घाबरतो, कुणाला गूळ दिला की पाढा पाठ होतो, हे तिला माहीत असायचं. गेल्या वर्षी तिची बदली मंचरला झाली आणि ती रोज घरून जाऊन येऊन करू लागली. पण कल्याणीची झोपायची जागा यशोधराजवळच राहिली.

येत्या जूनपासून मंचरला खोली घ्यायची, कल्याणीला तिथल्या शाळेत घालायचं, असं शीलानं आणि बाजीरावांनी ठरवलं होतं. यशोधराला मात्र अजून सांगितलेलं नव्हतं. आधी ऑपरेशन तर होऊ दे, असं दोघं एकमेकांना म्हणत राहिले.

नारायणगाव मागं पडलं. मंचरला बाजाराकडं वळणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. जीप मुंगीच्या पावलानं सरकत होती. कल्याणीनं खिडकीतून बाहेर पाहिलं.

"मम्मी, तुझी शाळा इथंच आहे ना?"

"हो."

"लांब आहे का?"

"त्या पाण्याच्या टाकीमागं. तुला आवडेल का इथं?" शीलाच्या तोंडून निघून गेलं.

"काकू पण येणार?"

भिमाजीनं उगाचच हॉर्न वाजवला. यशोधरानं कल्याणीच्या कानटोपीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

पुण्याच्या हॉस्पिटलात दाखल करून घेताना सिस्टरांनी विचारायला सुरुवात केली. त्या लिहून घेत होत्या. शीला पुढं उभी होती, यशोधरा कल्याणीला कडेवर घेऊन तिच्या मागं.

"जेवताना घाम येतो का हिला?"

"थोडा येतो," शीला म्हणाली.

"कपाळाला येतो," मागून यशोधरा म्हणाली. "पयल्या चार घासांतच. केस वले व्हत्यात."

"रात्री उठते?"

"थंडीत उठती. उठून बसली का बरं वाटतं तिला."

"झोपते कोणत्या कुशीवर?"

शीलानं तोंड उघडलं. मुलीला जवळ घेऊन झोपलेली एखादी रात्र आठवायचा प्रयत्न तिनं केला. तिच्याजवळ कल्याणी उताणी झोपायची, हातपाय सरळ ठेवून, पाव्हण्यांच्या घरी झोपावं तशी.

"उजव्या," यशोधरा म्हणाली. "डाव्या कुशीला तिला जड व्हतं. आन उश्या दोन लागत्यात."

सिस्टरांचं पेन थांबलं. त्यांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. "यातली आई कोण?"

"ह्या," असं म्हणून यशोधरानं कल्याणीला शीलाच्या हातात दिलं आणि ती एक पाऊल मागं सरकली.

वॉर्डात लहान मुलाजवळ एकाच बाईला थांबता येत होतं, आणि ती आईच असावी असा नियम होता. यशोधरा जिना उतरून गेली. कल्याणीनं आरडाओरडा केला नाही. ती कॉटवर बसून दाराकडं बघत राहिली. शीलानं भाताचा घास पुढं केला तर म्हणाली, "मला भूक नाही मम्मी. चालेल ना?" संध्याकाळी रक्त घ्यायला आले तेव्हा तिनं लोखंडी दांडा घट्ट धरला. हुंदका बाहेर येऊ द्यायचा नाही म्हणून तिनं श्वास कोंडून धरला आणि मग तो तिला आवरेना. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. शीला तिला सांगत होती, समजावत होती, गोष्ट सांगत होती. वर्गातली सगळी मुलं ज्या आवाजानं शांत व्हायची त्याच आवाजात. इथं त्याचा काही उपयोग होईना.

"हिला शांत करा," सिस्टर म्हणाल्या. "उद्या ऑपरेशन आहे. नाडी बघा कशी चाललीय."

शीलानं सिस्टरांना पाच मिनिटं मुलीजवळ थांबायची विनंती केली आणि ती खाली आली.

भाऊ दोघं चहाला गेले होते. यशोधरा फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली होती. शेजारी भाकरीचं फडकं, गाठ न सोडलेलं.

"तुमी खाली कशाला आलात? पोरगी एकटी हाय?"

"सिस्टर आहेत. यशोधरा, तू वर जा."

"नाय."

"ती जेवत नाही. तिला धाप लागलीय."

"आक्का, आता सवय लागाया पायजे. तिलाबी आन तुमालाबी." यशोधरा फाटकाकडं बघत बोलत होती. "जूनपासून मंचरलाच न्यायचीय ना तिला?"

शीला म्हणाली, "कुणी सांगितलं तुला?"

"सांगाया कशाला लागतंय? दादांनी ज्याची खोली बघितली, त्याचा टेम्पो आमच्याच गॅरेजला असतो."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझी हाय का ती?"

रस्त्यावरून एक बस गेली.

"तुमची बदली झाली तवा सगळ्यांनी पेढं खाल्लं," यशोधरा म्हणाली. "मीबी खाल्ला. पन मला लई राग आला व्हता आक्का. तुमी लांबच बऱ्या व्हत्या, असं वाटलं. वाटाया नको व्हतं, पन वाटलं."

शीला तिच्याजवळ कट्ट्यावर बसली. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला एकदम हलकं वाटलं, कारण निदान एकीनं तरी ते बोलून टाकलं होतं.

"मला राग यायचा, दर शनिवारी," ती म्हणाली. "एसटीतून उतरून आले की ही तुझ्या पदरामागं जायची. मला विचारून पाणी प्यायची. दुसऱ्यांची पोरं माझ्या गळ्यात पडायची आणि आपलं पोर आपल्याला पाव्हणं समजतं. तुझं काही चुकत नव्हतं. म्हणून तर जास्तच यायचा."

यशोधरानं फडक्याची गाठ सोडली. भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक शीलाच्या हातात ठेवला. दोघींनी थोडं खाल्लं.

"ती घाबरली की तू काय करतेस?"

"काय करनार? कानामागं बोट फिरविते, हळूहळू. आन गप ऱ्हाते. आपन बोललं का तिला जास्त रडू येतं."

"चल वर. आज तू थांब. उद्या ऑपरेशनच्या दारापर्यंत मी नेईन."

"सिस्टर सोडत्यान?"

"मी सांगते ना."

सिस्टरांनी आधी नकारार्थी मान हलवली. शीला म्हणाली, "आई मीच आहे. सह्या मीच करणार. पण हिला वाढवलंय तिनं. आजच्या दिवस तिला राहू द्या." सिस्टरांनी कॉटकडं पाहिलं. यशोधरा नुसती दारात दिसली होती, तेवढ्यानं मुलीचा श्वास खाली यायला लागला होता. "सकाळी मात्र तुम्ही हजर पाहिजे," असं म्हणून त्या दुसऱ्या पेशंटकडं वळल्या.

सकाळी कल्याणीला हिरवा झगा घातला. त्यात ती आणखीच लहान दिसत होती. स्ट्रेचरच्या एका बाजूला शीला चालत होती. लिफ्टपाशी यशोधरा थांबली, कल्याणीचा पाय धरून दाबला आणि सोडला. थिएटरच्या दाराशी कल्याणीनं विचारलं, "मम्मी, दुखंल का?"

नाही म्हणावं असं शीलाच्या मनात आलं. पण ती म्हणाली, "नंतर दुखेल. आत्ता झोप येईल."

"बरं," कल्याणी म्हणाली.

मग वाट बघणं सुरू झालं. भिमाजी दर थोड्या वेळानं जीप बघायला जायचा. तिला काही झालेलं नव्हतं, पण तो बॉनेट उघडून बघून यायचा. बाजीराव भिंतीला टेकून उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. एकदाच म्हणाले, "भिमा, आपल्या कांद्याला पाणी द्यायचं राहिलं," आणि स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटल्यासारखं भावाकडं पाहत राहिले. दोघी जावा एकाच बाकावर बसल्या होत्या. यशोधराच्या मनात काय चाललंय ते शीलाला बघावंसं वाटलं नाही. तिच्या स्वतःच्या मनात त्या वेळी मंचर नव्हतं, बोरी नव्हतं, मुलगी कुणाची हेही नव्हतं. तिनं जगावं, मग ती कुणाजवळही झोपू दे, एवढंच होतं.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. छिद्राला पॅच लावलाय, हृदय व्यवस्थित चाललंय, असं त्यांनी सांगितलं. बाजीराव तेव्हा खाली बसले.

अतिदक्षता विभागात आत एकालाच जाता येणार होतं. या वेळी कुणी काही म्हणायच्या आधीच यशोधरा शीलाला म्हणाली, "जा. आन बोलू नका."

कल्याणीच्या तोंडात नळी होती, छातीवर पट्टी, हाताला तारा. डोळे अर्धवट उघडले आणि भीतीनं इकडंतिकडं फिरायला लागले. शीलाच्या ओठांवर शंभर शब्द आले. ते तिनं गिळले. वाकून तिनं मुलीच्या कानामागं बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. डोळे तिच्यावर येऊन थांबले. ही मम्मी आहे हे त्या डोळ्यांना कळलं होतं का काकूच वाटत होती, ते शीलाला सांगता आलं नसतं. ती बोट फिरवत राहिली.

वॉर्डात परत आणल्यावर दोघींनी पाळ्या लावून घेतल्या आणि सिस्टरांनीही मग नियमाचं नाव काढलं नाही. छातीत कफ साठू नये म्हणून कल्याणीला रोज खोकायला लावायचं होतं, फुगा फुगवायला द्यायचा होता. ते दुखायचं. यशोधरानं एकदा प्रयत्न केला आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तिलाच रडू आलं. "माझ्याच्यानं नाय व्हायचं," म्हणाली. मग ते काम शीलानं घेतलं.

"अजून एकदा," शीला म्हणाली.

"नको."

"एकदाच. मग झालं."

"नको म्हनले ना!" कल्याणी ओरडली. "तू जा इथून! तू लई वाईट आहेस!" आणि तिनं फुगा शीलाच्या अंगावर फेकला.

शीलानं फुगा उचलला. इतक्या वर्षांत ही मुलगी तिच्यावर कधी ओरडली नव्हती. हट्ट, रुसणं, चिमटे, सगळं काकूच्या वाट्याला. "मी वाईट आहे," शीला म्हणाली. "फुगव आता." कल्याणीनं रागारागानं फुगवला, चांगला मोठा. वॉर्डाच्या दारात यशोधरा हे सगळं बघत उभी होती. शीलानं तिच्याकडं पाहिलं, तर ती हसत होती आणि पदरानं डोळेही पुसत होती.

घरी आल्यावर काही दिवसांनी, सगळे जेवायला बसलेले असताना शीलानं सांगितलं की मंचरची खोली नको.

"आपलं ठरलं होतं," बाजीराव म्हणाले.

"चौथीपर्यंत इथंच राहू दे तिला. मी करते जाऊन येऊन. तिला आत्ता तिथं नेली तर ती दिवसभर दाराकडं बघत बसेल." मग ती यशोधराकडं वळली. "पण झोपायला माझ्याकडं येईल. एक दिवसाआड का होईना."

यशोधराच्या हातातला घास तसाच राहिला. "एक दिवसाआड," ती म्हणाली. तिला ते जड गेलं होतं, हे सगळ्यांना दिसलं. पण ती नाही म्हणाली नाही.

ते सोपं गेलं नाही. वेण्यांवरून, थंड पाण्यावरून, चिंचा खाण्यावरून दोघी जावांची भांडणं झाली, पूर्वी कधी झाली नव्हती इतकी. कधी पाळी शीलाची असायची आणि कल्याणी उठून काकूकडं जायची. कधी उलटंही व्हायचं. द्रौपदा म्हणायच्या, "भांडा, भांडा. आधी नुसत्या गप बसायच्या दोघी. मलाच घोर पडायचा."

कल्याणी पाचवीला मंचरला गेली. तोवर ती उंच झाली होती, आणि छातीवरचा व्रण फिकट पडला होता. खोली लावून द्यायला यशोधरा आठ दिवस येऊन राहिली. परत जायच्या सकाळी कल्याणी शाळेत गेलेली होती, आणि शीलानं रजा टाकली होती. यशोधरा म्हणाली, ती यायच्या आतच निघते. शीलानं थांब म्हटलं नाही. स्टँडपर्यंत पिशवी धरून ती तिच्याबरोबर गेली. नारायणगावची एसटी लागलेलीच होती.

"सुट्टीला आणते तिला," शीला म्हणाली.

"आना. नाय जमलं तर तसं कळवा. नायतर मी वाट बघत बसंन."

"कळवीन."

यशोधरा चढली, खिडकीची जागा मिळाली तशी बसली. कंडक्टरनं घंटी दिली. शीला उरलेला वेळ बाजारात काढून, दुपारी कल्याणीची शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी जाऊन उभी राहिली.